मालनबाईंचं सवयपत्रक

बुधवार, ९ जानेवारी २०४१. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मालन खराडे यांच्या उजव्या मांडीत बसवलेल्या नळीतून मिनिटाला अठ्ठ्याहत्तर मिलीलिटर रक्त वाहत होतं. आदल्या बुधवारी हाच आकडा एकशे छत्तीस होता.

नळीवरचा मापक हा आकडा दर तासाला मिरजेच्या कृष्णातीर वाहिनी केंद्रात पाठवतो. तो ऐंशीच्या खाली गेला की तिथल्या पडद्यावरची ती ओळ तांबडी होते. चाळीसच्या खाली गेला तर नळीत रक्त गोठायला लागतं, आणि मग पाय वाचवायला फक्त काही तास उरतात. परिचारिका वृषाली खराडे हिने ती तांबडी ओळ पाहिली तेव्हा तिच्या हातात चहाचा कप होता. तिने तो टेबलावर ठेवला. संध्याकाळी तो तिथेच, साय धरून होता.

नियमाप्रमाणे तिने डॉ. शमीम मुजावर यांना फोन लावला.

“कुणाची नळी?”

“आईची, मॅडम. अठ्ठ्याहत्तर.”

मग डॉक्टर म्हणाल्या, “घेऊन ये. उपाशी आण, चहासुद्धा नको. आणि वृषाली, घाबरून जाऊ नकोस. गेल्या वर्षी आपण वाढवलेल्या नळ्यांत तिची सगळ्यात देखणी होती.”

वृषाली घाबरली होती, पण आकड्याला नव्हे. आकडा का पडला असावा याचं एक कारण तिला ठाऊक होतं. केंद्रात दुसऱ्या कुणालाही ते ठाऊक असण्याची शक्यता नव्हती, कारण ते ठाऊक होऊ नये याची तजवीज तिनेच केली होती.

पायाकडे रक्त नेणारी रोहिणी आतून बुजत गेली की आधी चालताना पोटरीत गोळे येतात, मग बसल्या जागी पाय ठणकतो, मग बोटं काळी पडतात. यावरची शस्त्रक्रिया जुनीच आहे. जांघेत एक टोक आणि गुडघ्याखाली दुसरं टोक शिवून बुजलेल्या भागाला बगल देणारी नवी वाट रक्ताला करून द्यायची. वाटेसाठी रोग्याच्याच पायातली शीर काढून वापरतात. मालनबाईंकडे तशी शीर उरली नव्हती. तीस वर्षं तासगावच्या शेडमध्ये सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून त्यांनी बेदाणा निवडला होता. त्यात दोन्ही पायांच्या शिरा फुगल्या, वेड्यावाकड्या झाल्या आणि पंधरा वर्षांपूर्वी काढून टाकाव्या लागल्या. प्लास्टिकची नळी मिळते, पण गुडघ्याखाली ती फार दिवस टिकत नाही.

अशा रोग्यांसाठी केंद्र नळी वाढवतं. दंडातल्या शिरेचा चिमूटभर तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी विरघळणाऱ्या जाळीवर पेरायच्या आणि काचेच्या लांबट टाकीत नाडीच्या ठोक्यागणिक पोषक द्रव त्यातून खेळवायचा. कर्मचारी त्या टाकीला पाळणा म्हणतात. सुरुवातीच्या वर्षांत पाळण्यातून देखण्या नळ्या निघत आणि अंगात गेल्यावर वर्षभरात बिघडत. कारण सापडायला वेळ लागला. शुद्ध द्रवावर वाढलेल्या पेशींना माणसाचं खरं रक्त सोसत नव्हतं. त्यातली साखर, मीठ, दाब, औषधं, सगळंच त्यांना परकं. अस्तर बिथरून सुजायचं आणि नळी आतल्या आत अरुंद व्हायची.

तेव्हापासून पाळण्यात नळीला तिच्या मालकाची सवय लावली जाते. त्यासाठी सवयपत्रक असतं. दिवसाला चहा किती, साखर किती चमचे, झोप कधी, दाबाची गोळी कधी, उपवास कोणते. पत्रकात जे लिहिलं तेच पाळण्यातल्या द्रवात उतरतं. मालनबाईंची नळी पाच सोमवार उपाशी राहिली होती, आणि एका संकष्टीला चंद्रोदयापर्यंत.

तंबाखूचा रकाना शेवटचा. निकोटिनची सवय लावायला सर्वांत जास्त वेळ लागतो. थेंबाथेंबाने वाढवावं लागतं, एकदम दिलं तर अस्तर सोलून येतं. तंबाखू नसलेल्या माणसाची नळी पाच आठवड्यांत तयार होते, तंबाखूवाल्याची नऊ. ‘आजपासून सोडली’ म्हणणाऱ्यांनाही नऊच, कारण पाचातला एखादाच शब्द पाळतो, असा केंद्राचा अनुभव होता.

गेल्या ऑगस्टमध्ये मालनबाईंचा अंगठा काळा पडू लागला होता. डॉ. मुजावर म्हणाल्या होत्या, “सहा आठवडे. फार तर सात. त्यापुढे मला पाय कापावा लागेल.”

नातेवाइकाचं पत्रक दुसऱ्याने भरायचं, असा नियम होता. पण डॉक्टरच म्हणाल्या, “तूच भर. तुझ्याइतकं चोख पत्रक इथे कुणाचं नसतं.” ते खरं होतं. वृषाली रोग्यांच्या खिशांचा वास घेई, बोटांच्या पेरांवरचे डाग बघे, बायकोला बाजूला घेऊन विचारी. तिच्यापुढे थाप टिकत नसे.

“तंबाखू?” तिने आईला विचारलं होतं.

“छ्या! मी कशाला तंबाखू खाती? त्यो तुझा बाप खायचा. गेला घेऊन.”

मालनबाई खोटं बोलत नव्हत्या. त्या मिश्री लावत. तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, त्यांची पूड करायची आणि बोटाने दातांना चोळायची. तासगावच्या शेडमध्ये अकराला आणि चारला पट्टा थांबे आणि डबी फिरे. जिच्यापुढे डबी धरली नाही तिच्याशी अबोला, असा तिथला कायदा. त्या शेडमधल्या एकाही बाईने मिश्रीला कधी तंबाखू म्हटलं नव्हतं. तंबाखू पुरुष खातात. मिश्री म्हणजे तोंड धुणं.

वृषालीला मात्र ती काय आहे हे माहीत होतं. लहानपणी आई मिश्री भाजायला बसली की ती डोळे चोळत अंगणात पळायची. तिने रकान्याकडे पाहिलं आणि हिशेब केला. नऊ आठवडे, आणि डॉक्टर म्हणतात सात. मधल्या पाच आठवड्यांत आपण आईची मिश्री सोडवू, मग लिहिलेलं आपोआप खरं होईल. तिने लिहिलं: नाही.

रकान्याला पुरावा म्हणून लघवीची पट्टी जोडावी लागते; निकोटिन असलं तर ती निळी होते. ती पट्टी वृषालीने स्वतःच्या लघवीत बुडवली.

आईला खरं कारण सांगण्याची सोय नव्हती. मालनबाईंच्या पोटात काही राहत नसे. नळीला मिश्री माहीत नाही असं कळतं, तर त्यांनी पहिल्या तपासणीलाच डॉक्टरांना विचारलं असतं. म्हणून वृषालीने सांगितलं, “आई, मिश्री बंद. तुझे दात हलायला लागलेत.”

*

सव्वासातला ती केंद्रामागच्या आपल्या खोलीवर पोचली. शस्त्रक्रियेपासून आई तिच्याकडेच राहत होती. मालनबाई मोरीपाशी स्टुलावर बसल्या होत्या, तोंडात बोट होतं. मुलगी दिसताच हात पदराखाली गेला.

“लवकर आलीस ती?”

“हात दाखव.”

“तोंड धुती आहे बाई. एवढं पोलिसावाणी काय?”

तर्जनी पेरापर्यंत काळी होती. स्टुलाखाली पावडरीची जुनी डबी होती, अर्ध्याहून अधिक रिकामी.

“कधीपासून?”

“शेडातली शेवंता आल्ती न्हवं का, दत्तजयंतीला. तिनं घरी भाजून आनल्याली. आता ती एवढी लांबनं आली, डबी म्होरं धरली, न्हाई म्हणू?”

“दिवसातनं किती वेळा?”

“येकदाच.” मग मुलीच्या तोंडाकडे बघून, “दोनदा.”

“तुला सांगितलं होतं ना मी, आई!”

“दात हालत्यात म्हणालीस. हालू देत की. हैत किती? सात. त्यातले दोन कामाचे न्हाईत.” मालनबाई हसल्या. मुलगी हसली नाही, तेव्हा त्यांचंही हसू गेलं. “आगं, सोडीन. रडतीस कशाला?”

तीन आठवडे झाले होते. वृषालीने डबी पिशवीत टाकली. मग तिने जे केलं ते तिने नंतर आपल्या जबाबात स्वतःच लिहिलं. तिने लिंबाची फोड आणि साबण घेऊन आईचं बोट पांढरं होईपर्यंत घासलं, चार वेळा चूळ भरायला लावली आणि मग व्हीलचेअर मागवली.

*

नऊ चाळीसला आकडा एकाहत्तर होता.

डॉ. मुजावर पडद्यावरच्या चित्राकडे बराच वेळ बघत होत्या. नळी वरपासून खालपर्यंत सारखीच अरुंद झाली होती. गुठळी कुठेच नव्हती, टाक्यांच्या जागी दाटलेलं काही नव्हतं.

“विचित्र आहे,” त्या म्हणाल्या. “हे असं अस्तर सुजल्यावर दिसतं. पण हिचं अस्तर सुजायचं कारणच नाही. साखर ताब्यात, दाब ताब्यात, तंबाखू नाही.” त्यांनी पत्रक पुन्हा उघडलं, शेवटच्या रकान्यापर्यंत खाली आल्या आणि बंद केलं. “मग उरतं एकच. नळी बाहेरून आवळली जातेय, व्रण घट्ट झालाय. अकराला फुगा घालून रुंद करूया.”

“आणि अस्तरच सुजलेलं असलं तर?” वृषालीने विचारलं.

“तर फुगा घालायचा नसतो. अस्तर सोलून निघेल आणि तासाभरात नळी बंद. पण सांगितलं ना, तसं कारण नाही.” त्यांनी संमतिपत्र पुढे केलं. “आज तू परिचारिका नाहीस, नातेवाईक आहेस. सही कर आणि आईजवळ बस.”

संमतिपत्राच्या तळाला छापलेलं असतं: सवयपत्रकातील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. वृषालीने हे वाक्य शेकडो माणसांना वाचून दाखवलं होतं. ती कागद घेऊन बाहेर आली.

बाकावर बिरू कोळेकर बसला होता. जत तालुक्यातला मेंढपाळ, साठीचा, आज तपासणीला आलेला. त्याचं पत्रक वृषालीने मालनबाईंच्याच आठवड्यात भरलं होतं. त्याने तंबाखूच्या रकान्यात दिवसाला तीस बिड्या सांगितल्या होत्या. ती म्हणाली होती, खरं सांगा आण्णा, तर तो म्हणाला होता, खरं पस्तीस हायत, पन बायकू हितं हाय.

“काय ताई, त्वांड का वाळलंय? जेवान न्हाई दिलं व्हय सरकारनं?”

“तुमचा पाय कसाय, आण्णा?”

त्याने चप्पल काढून पाय पुढे केला. दोन बोटं नव्हती. “ही गेली वाट बघण्यात. नऊ आठवडं रातध्याड पाय खाटंखाली सोडून बसलो. लई शिव्या घातल्या तुमाला, खोटं कशाला सांगू. म्हणलं, या बाईला बिड्या सांगितल्या नसत्या तर कवाच उठलो असतो.” त्याने पाय जमिनीवर आपटून दाखवला. “आता तीन मैल जातोय मेंढरामागं. मालनबाई कशा हायत? त्यांचं बरं झालं, पाचातच सुटल्या.”

आई नऊ आठवडे तगली असती का, याचं उत्तर बिरूच्या पायात नव्हतं. त्याचा अंगठा काळा नव्हता, नुसती कडेची बोटं होती. आईचा कदाचित पाय गेला असता. कदाचित दोन बोटांवर भागलं असतं. हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं, आणि गेल्या पाच महिन्यांत तिने स्वतःला ते रोज आपल्या सोयीने सांगितलं होतं.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी ती शस्त्रक्रियागृहाच्या दारात गेली. डॉ. मुजावर हात धूत होत्या.

“सही झाली?”

“नाही. मॅडम, आई मिश्री लावते. चाळीस वर्षं. मध्ये बंद होती, तीन आठवड्यांपासून पुन्हा लावतेय. पत्रकात मी नाही लिहिलं.”

डॉक्टरांनी नळ बंद केला नाही. “पट्टी कोरी आली होती.”

“पट्टी माझी होती.”

पाणी वाहत राहिलं. मग डॉक्टरांनी कोपराने नळ बंद केला, आत वळून फुगा रद्द करायला सांगितलं आणि पुन्हा बाहेर आल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वृषालीला वाटलं.

“आजवर किती पत्रकं भरलीस तू?”

“दोनशे अकरा.”

“त्यातली दोनशे दहा खरी आहेत?”

“हो, मॅडम.”

“हे मला कोण सांगतंय?” डॉक्टर म्हणाल्या. “तूच ना?”

*

साडेअकराला डॉ. मुजावर मालनबाईंच्या खाटेपाशी बसल्या. हातात नवं, कोरं सवयपत्रक होतं. वृषाली पायथ्याशी उभी होती. तिचा संगणकाचा परवाना तोवर बंद झाला होता.

करायचं काय ते डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं. पाळण्यात जे शिकवायचं राहिलं ते आता अंगातच शिकवायचं. सूज उतरवणारं औषध बारीक नळीतून थेट आत सोडायचं. निकोटिन एकदम तोडायचं नाही, कारण तीन आठवड्यांत पेशी अर्ध्यामुर्ध्या सरावल्या आहेत, पुन्हा बिथरतील. कातडीवरच्या पट्टीतून द्यायचं आणि दर आठवड्याला उतरवत न्यायचं. शिवलेल्या नळीवर हे केंद्रात कुणी केलेलं नव्हतं.

“त्यासाठी मला खरा आकडा पाहिजे, मावशी. दिवसातनं किती वेळा लावता मिश्री?”

मालनबाईंनी मुलीकडे पाहिलं.

“तिच्याकडे नका बघू. माझ्याकडे बघा.”

“पाच,” मालनबाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, “कवा सा.”

डॉक्टरांनी लिहून घेतलं.

“पन मी तंबाखू न्हाई खात हां, डॉक्टरबाई. तसलं काय लिवू नगा.”

“मावशी, मिश्री म्हणजे तंबाखूच. दुसरं काही नसतं त्यात.”

मालनबाई उशीवरून थोड्या उठल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, शेडमध्ये पट्ट्यावरून जाणाऱ्या ढिगात काहीतरी खटकल्यावर माणूस जसं थांबतं तसं त्या थांबल्या. “म्हंजे पायाला त्यानं झालं?”

“हो.”

“तुला ठावं हुतं?” हे वृषालीला.

वृषालीने होकारार्थी मान हलवली.

“मग दातांचं का सांगितलंस?”

“तू डॉक्टरांना बोलून गेली असतीस.”

“गेले असते,” मालनबाई म्हणाल्या. “आन् मिश्रीला हात लावला नसता. पायाचं म्हणली असतीस तर शेवंताच्या तोंडावर डबी मारली असती मी.” त्या पुन्हा आडव्या झाल्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि लिंबाने घासून सालपटं निघालेलं आपलं बोट बघितलं. “म्हणून घासलंस व्हय सकाळी. मला वाटलं, लाड करतीया.”

बारा वाजता औषध सुरू झालं. या वेळी लघवीची पट्टी दोन परिचारिकांच्या देखत घेतली गेली. ती सेकंदात गर्द निळी झाली.

वृषालीने जबाब नोंदणी खोलीत बसून लिहिला. पाच पानं झाली. पट्टी, बोट, दात, सगळं तिने तारखांसह लिहिलं. लिहिताना एका ठिकाणी ती अडली. ‘हे मी आईचा पाय वाचवण्यासाठी केलं’ असं वाक्य तिने लिहिलं, वाचलं आणि खोडलं. त्याजागी काय लिहावं हे न सुचल्याने ती ओळ तशीच खोडलेली राहिली. दोनशे दहा रोग्यांना फेरतपासणीला बोलावण्याची पत्रं शेजारच्या यंत्रातून बाहेर पडत होती. तिसरं पत्र बिरू कोळेकरच्या नावाचं होतं.

एक चाळीसला आकडा अठ्ठावन्न होता. दोन चाळीसला पंचावन्न.

तीनला नातेवाइकांची वेळ सुरू झाली तेव्हा ती इतर नातेवाइकांबरोबर रांगेत उभी राहून आत गेली. मालनबाईंच्या दंडावर निकोटिनची पट्टी चिकटवलेली होती. पांघरुणातून उजवा पाय त्यांनी आपणहून बाहेर सरकवला. वृषालीने तळव्यावर हात ठेवला. टाच कोमट होती, अंगठा गार.

“आकडा किती झाला?” मालनबाईंनी विचारलं.

वृषालीच्या ओठांवर ‘बरा आहे’ आलं होतं.

“पंचावन्न,” ती म्हणाली. “चाळीसच्या खाली जायला नको.”

“बरं,” मालनबाई म्हणाल्या, आणि पाय तिच्या हातात तसाच राहू दिला.

तीन चाळीसला त्रेपन्न. चार चाळीसला बावन्न. डॉ. मुजावर यांनी औषधाची मात्रा वाढवली आणि आकडा चाळीसच्या खाली गेलाच तर म्हणून शस्त्रक्रियागृह सहा वाजेपर्यंत मोकळं ठेवायला सांगितलं. नंतर त्यांनी ती वेळ आठपर्यंत पुढे नेली.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी आकडा बावन्न होता.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी, बावन्न.